थोडक्या मिळकतीतून देवाला काय द्यावे आणि कसे द्यावे

प्रश्न असा आहे. मानखुर्दला राहणारी एक बहीण चार घरची धुणीभांडी करते. महिन्याला साडेअकरा हजार रुपये हातात येतात आणि सगळे भागवून दोनशेच्या आसपास उरतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दशमांशावर (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर) उपदेश होतो, दानाची झोळी पुढे येते आणि तिला मान वर करवत नाही. तिचे विचारणे असे, की मी टाकते ते दहा-वीस रुपये देव अर्पण म्हणून धरतो का? आणि पैसा नसेल त्या आठवड्यात मी काय द्यावे?

ताई, धरतो. गरिबाचे थोडके देव चालवून घेतो, अशा अर्थाने मी हे म्हणत नाही. त्याने स्वतःच्या नियमशास्त्रात गरिबाच्या अर्पणाला आधीपासून जागा करून ठेवली आहे. बायबलमधल्या लेवीयचा पाचवा अध्याय काढा. पापार्पणासाठी ऐपत असेल त्याने मेंढी किंवा शेळी आणावी. तेवढे जमत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत. तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याच्या एका जुन्या मापाचा) दहावा हिस्सा सपीठ आणावे. एफाचा दहावा हिस्सा म्हणजे एक ओमर. रानात इस्राएल लोकांना माणशी एका दिवसाला मिळणारा मान्नाही, म्हणजे देवाने दिलेले अन्नही, एक ओमरच होता, हे निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. म्हणजे सगळ्यात गरिबासाठी ठरवलेले अर्पण एका माणसाच्या एका दिवसाच्या अन्नाएवढे होते. आजच्या मापाने सुमारे दोन लीटरच्या डब्यात मावेल एवढे पीठ. आणि पारवे आणणाऱ्याला जे सांगितले तेच पीठ आणणाऱ्यालाही सांगितले आहे, की याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करील आणि त्याला क्षमा होईल. क्षमेत कुठेही काटछाट नाही.

येशूला बाळपणी मंदिरात नेले तेव्हा मरीया आणि योसेफ यांच्या हातात पक्ष्यांची जोडीच होती (लूक २:२४). बाळंतपणानंतर कोकरू आणायचे आणि ते परवडत नसेल तर दोन पक्षी, असा नियम होता (लेवीय १२:८). तारणाऱ्याच्या घरचे अर्पणही सवलतीच्या पायरीवरचे होते. झोळी जवळ येताना हे आठवा.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले वाक्य तर या विषयाचा पायाच आहे. मनाची तयारी असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे अर्पण मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२). दशमांशावर बोलणाऱ्याने हे वचन सोबत वाचलेच पाहिजे. वाचत नसेल तर तो अर्धीच गोष्ट सांगतो आहे.

आता विधवेच्या दोन टोल्यांविषयी, म्हणजे दोन लहान नाण्यांविषयी (मार्क १२:४१-४४), कारण गरिबाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त ऐकवली जाते. मंदिरात दानासाठी कर्ण्याच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या, अशी यहुदी परंपरेत नोंद आहे. त्यातल्या एकीत तिने तांब्याची दोन सर्वांत लहान नाणी टाकली. अशी दोन मिळून एक दमडी आणि चौसष्ट दमड्यांचा एक दीनार. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). मुंबईच्या नाक्यावर दिवसाला ७०० रुपये मिळत असतील, तर तिच्या हातात आजच्या हिशेबाने अकरा रुपये होते. येशूने सांगितले, की सगळ्यांपेक्षा हिने जास्त टाकले, कारण इतरांनी आपल्या भरपुरीतून टाकले आणि हिने आपली सारी उपजीविका टाकली.

पण या गोष्टीच्या अलीकडची आणि पलीकडची ओळही वाचा. लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांना येशूने फटकारले आहे. लगेच नंतर, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, याच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे तो म्हणतो. आणि या उताऱ्यात 'तुम्हीही असेच करा' अशी आज्ञा त्याने दिलेली नाही. त्याने तिचे मोल ओळखले, आणि तिच्या ताटातले शेवटचे ओढून घेणाऱ्या व्यवस्थेवरही बोट ठेवले. म्हणून या गोष्टीच्या जोरावर कोणी तुमच्याकडून घरभाड्याचे पैसे मागत असेल तर तो येशूच्या बाजूने बोलत नाही. तिने स्वतःहून दिले. तिच्याकडे कोणी मागितल्याचे या उताऱ्यात नाही.

सारफथच्या विधवेचेही तसेच (१ राजे १७). दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल होते. एलीया संदेष्ट्याने आधी आपल्यासाठी भाकर मागितली, एवढेच सांगून पुष्कळ जण थांबतात. पण एलीया भाकर घेऊन निघून गेला नाही. तो तिच्याच घरी राहिला, आणि ती, तो आणि तिचे घरचे पुष्कळ दिवस त्याच मडक्यातले खात राहिले. गरिबाकडे मागणाऱ्याने गरिबाच्या घरी दुष्काळात राहायची तयारी ठेवावी.

आता हिशेब. तुमच्या ११,५०० चे साधारण असे होत असेल: खोलीचे भाडे ४,५००, रेशन-दूध-भाजी ४,०००, गॅस आणि लाइटबिल १,५००, मुलांची फी-वह्या ८००, बचत गटाचा हप्ता ५००. बेरीज ११,३००. उरले २००. दशमांश धरला तर १,१५० होतात. ते यातून काढायचे म्हणजे भाडे थकवायचे, किंवा मुलांचे दूध बंद करायचे, किंवा व्याजाने आणायचे. तिन्ही चुकीचे.

दशमांश सोडूनच द्या, असे मी सांगत नाही. ते चांगले माप आहे, आणि ज्यांच्या घरी पैसा साठतो त्यांनी दहाव्या हिश्शावर थांबूही नये. पण जुन्या करारातला दशमांश मुख्यतः धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरांचा होता, म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि कळप होते त्याचा. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर गावातच ठेवून लेवी (उपासनेची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचा होता (अनुवाद १४:२८-२९). एकटीने घर चालवणारी बाई त्या व्यवस्थेत घेणाऱ्यांच्या रांगेत होती. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही मंडळीला साहाय्य करणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य म्हटले आहे (कलम २२२), पण दहावा हिस्सा घातलेला नाही.

माझा सल्ला: मिळकतीच्या शंभरातला एक रुपया धरा. तुमच्या बाबतीत ११५, सोयीसाठी १२० म्हणू. चारही घरचे पगार एकाच दिवशी मिळत नाहीत हे खरे, म्हणून शेवटच्या घरचा पगार आला की त्याच संध्याकाळी १२० रुपये वेगळे काढा, भाडे देण्याच्याही आधी. महिनाअखेरीस उरले तर देऊ म्हटले की उरत नाही. हिशेबात ते दोनशेतूनच जातात, पण काढायचे पहिल्या दिवशी. नोट दुकानदाराकडे सुटी करून घ्या. वीस-वीसच्या चार नोटा चार रविवारांसाठी, आणि उरलेले चाळीस रुपये वेगळ्या पुडीत शेजारच्या गरजेसाठी: कोणाचे औषध, कोणाला रिक्षाभाडे, कोणाच्या मयताला हार. पाच रविवारांच्या महिन्यात झोळीसाठी शंभर आणि पुडीत वीस. ही दुसरी पुडी टाळू नका. देवाला दिलेले फक्त चर्चच्या पेटीतून जाते, हा समज तिच्यामुळे मोडतो.

नाक्यावरचे काम असेल, रिक्षा भाड्याने चालवत असाल किंवा मासळी विकत असाल, तर महिना धरू नका. आठवडा धरा. पौलाने तीच रीत सांगितली आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे (१ करिंथ १६:२). शनिवारी रात्री आठवड्याची निव्वळ कमाई काढा. रिक्षाचे भाडे आणि गॅस, मासळीची खरेदी आणि बर्फ वजा करूनच. पुष्कळ जण गल्ल्यातल्या सगळ्या पैशाला कमाई समजतात, त्यावर टक्का काढतात आणि दोन महिन्यांत दमून देणेच बंद करतात. ज्या आठवड्यात काम मिळाले नाही त्या आठवड्याचा हिस्सा शून्य. तो पुढच्या आठवड्यावर थकबाकी म्हणून चढवू नका. देवाकडे थकबाकीची वही नाही.

दिवाळीला कामाच्या घरच्या मालकिणी बहुधा एक पगार बोनस देतात. तिथे वेगळा विचार लागतो, कारण पाठोपाठ नाताळचा खर्च असतो. आधी थकलेले हप्ते आणि फी भरा, मग मुलांचे कपडे आणि फराळ, आणि मग उरलेल्यातून आभारदान. तिथे मात्र हात थोडा सैल सोडा. वर्षातून एकदा मनापासून मोठे देण्याचा आनंद गरिबालाही हवा असतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

काय देऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. उधार काढून देऊ नये. बचत गटाचा हप्ता चुकवून देऊ नये, कारण तो दहा बायकांचा पैसा आहे. गावी आईला पाठवायचे पैसे कापून देऊ नये. मार्क ७:११-१३ मध्ये येशू नेमका यावरच रागावला आहे: आईबापांचे जे देणे ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिले असे सांगून लोक मोकळे होत होते. नवऱ्याला न सांगता सामाईक पैशातून मोठी रक्कम देऊ नये. त्यातून घरात जी भांडणे होतात, त्यांत प्रभूचे नावच बदनाम होते. आणि सभेत गाणी टिपेला पोहोचलेली असताना, डोळ्यांत पाणी असताना, कोणताही आकडा बोलू नये. नवस बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेला बरा (उपदेशक ५:५). भरल्या मनाने बोललेला आकडा घरी आणा, दोन रात्री जाऊ द्या, मग ठरवा. एखादा आकडा बोलून बसला असाल आणि तो झेपत नसेल तर पाळकांना एकांतात सांगा. चांगला पाळक तुम्हाला त्यातून मोकळे करील.

याच ओघात 'बीज पेरा, शंभरपट मिळेल' या शिकवणीबद्दल. जो थोडे पेरतो तो थोडे कापतो, हे वचन (२ करिंथ ९:६) यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी गोळा केलेल्या मदतीच्या संदर्भात आहे. पैसा गरिबाकडे जात होता. त्याच वचनाने गरिबाकडून पैसा काढून व्यासपीठाकडे नेणे म्हणजे ते उलटे लावणे. सगळा दशमांश कोठारात आणा, हे मलाखी ३:१० चे वचन मंदिराच्या कोठारात अन्न असावे म्हणून एका अख्ख्या राष्ट्राला सांगितलेले आहे. हजार टाकले की नोकरी लागेल असा सौदा त्यात नाही. एखाद्या सभेत क्यूआर कोड दाखवून चमत्काराचा दर सांगितला जात असेल, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. हे मी कठोरपणे सांगतो, कारण असे पैसे बहुधा आजाऱ्याच्या औषधाच्या डब्यातून आलेले असतात.

पैशाची तंगी असेल तेव्हा धान्य हा जुना आणि सन्मानाचा मार्ग आहे. मिझोराममधल्या बायका गेली शंभरहून अधिक वर्षे स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला ठेवतात, आणि तिथल्या मंडळ्यांचे पुष्कळसे काम त्यावर उभे राहिले आहे. मुंबईच्या खोलीतही हे जमते. बाईच्या मुठीत सुमारे चाळीस ग्रॅम तांदूळ येतात. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. पंधरा घरांनी केले तर अठरा किलो, म्हणजे दोन-तीन गरजू घरांचा महिन्याचा भात. मूठ भातासाठी तांदूळ मोजताना काढायची, नंतर नव्हे.

यात बिघडते ते असे. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, तांदळाला महिन्याभरात किडे लागतात. म्हणून घट्ट झाकणाचा कोरडा डबा, तळाशी वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि दर पंधरवड्याला डबा चर्चमध्ये रिकामा करायचा. दुसरे, कोलम, उकडा आणि रेशनचा तांदूळ एकत्र केला तर एक शिजतो तोवर दुसऱ्याचा गाळ होतो. चर्चमध्ये तीन पिंपे ठेवा, नाहीतर सगळे मिश्रण दळून भाकरीसाठी पीठ करा. तिसरे आणि सगळ्यात वाईट: जमा झालेले धान्य कोपऱ्यात पडून राहते. वाटपाची तारीख आधी ठरलेली असेल तरच गोळा करायला घ्या. महिला मंडळातल्या दोघींनी ती जबाबदारी घ्यावी आणि ते घरपोच द्यावे. रविवारी सगळ्यांसमोर नाव पुकारून देऊ नये.

कापणीच्या सणाची गोष्ट वेगळी आहे. गोराई-मनोरीपासून वसईपर्यंतच्या ईस्ट इंडियन (मुंबईकडच्या मूळ रहिवासी) कॅथलिकांच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, भाताच्या पहिल्या लोंब्या आशीर्वादासाठी आणल्या जातात. भायखळा-परळकडच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शेत कोणाचेच नसते, तरी सण होतोच, आणि लोक हाताने केलेले आणतात: पापड, चकल्या, गोधडी, मसाला, कुंडीतले रोप. तुमच्यासाठी ही उत्तम संधी आहे. पाव किलो शेंगदाण्याची चटणी करून नेली तर खर्च पन्नास-साठ रुपये आणि विकली जाते शंभर-सव्वाशेला. अर्पण तुमचे दुप्पट झाले. तिखट कमी ठेवा आणि बरणीवर तारीख लिहा.

सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावात मात्र मंडळीच्या पंचांनी लक्ष घातले पाहिजे. एक नारळ दोन हजाराला जातो, टाळ्या होतात, आणि वीस रुपये घेऊन आलेली बाई मागे उभी राहते. उधारीवर बोली लावणारे पैसे मार्चपर्यंत देत नाहीत, आणि खजिनदार त्यांच्या मागे फिरतो. उपाय सोपा आहे. लिलावाच्या शेजारी ठरावीक दराचे टेबल लावा, दहा रुपयांपासून. बोली रोख किंवा तिथेच यूपीआयने. घेणाऱ्याचे नाव माइकवर नको. आणि कोणी काय आणले याचाही पुकारा नको.

श्रमाचे अर्पण पैशाच्या बदल्यात दिलेली नाइलाजाची वस्तू नव्हे. पौल शरीरच जिवंत यज्ञ म्हणून अर्पायला सांगतो (रोम १२:१). पण घरकाम करणाऱ्या बाईला पाळक जेव्हा म्हणतात, की पैसे नाहीत तर चर्च झाडा, तेव्हा मला ते पटत नाही. आठवडाभर जी दुसऱ्यांची फरशी पुसते तिच्याकडून रविवारी तेच काम घ्यायचे, आणि बँकेतल्या माणसाने शास्त्रवाचन करायचे, हे मंडळीत बसू नये. तुम्हाला वाचता येत असेल तर शास्त्रपाठ वाचायचे मागा. गळा असेल तर गायला उभ्या राहा. स्वच्छता सगळ्यांनी पाळीने करावी.

मुंबईत वेळेच्या अर्पणाला फार मोठी जागा आहे, ती रुग्णालयांत. परळच्या टाटा मेमोरियलला देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात, केईएमच्या ओपीडीत पहाटेपासून रांग लागते. बाहेरगावचा माणूस या गर्दीत भांबावतो. महिन्यातून एक सकाळ अशा एखाद्या कुटुंबासोबत रांगेत उभे राहणे, कोणती खिडकी, कोणता कागद हे दाखवणे, हे तुम्हाला जमेल, कारण मुंबईच्या रांगा तुम्हाला पाठ आहेत. पाळकांना विचारून मंडळीतल्याच कोणाच्या ओळखीतल्या रुग्णापासून सुरू करा. वॉर्डात एकाच नातेवाइकाला पास मिळतो, तेव्हा आत शिरायचा हट्ट नको. घरचे जेवण नेण्याआधी पथ्य विचारा. प्रार्थना रुग्णाला हवी असेल तरच, हळू आवाजात, दोन मिनिटे. आणि दर आठवड्याला येते असे कबूल करू नका. चार आठवड्यांनी जमत नाही, मग तोंड चुकवावे लागते. महिन्यातून एकदा सांगा आणि ते पाळा.

झोळी पुढे येते त्या क्षणाबद्दल. शनिवारी रात्री नोट पुडीत घाला, आणि घरच्यांसोबत एक वाक्य बोला: प्रभू, हे तुझ्याच हातचे, तुलाच देतो. मुलांना दारातून निघताना नाणे देऊ नका. ते तुमचेच अर्पण राहते. त्यांच्या खाऊच्या पैशातले एक-दोन रुपये त्यांनी स्वतः शनिवारी काढावेत. ज्या रविवारी खरेच काही नाही, त्या रविवारी झोळी हाताने पुढे द्या आणि मनात म्हणा, की आज मी स्वतःच आहे. रिकामी मूठ झोळीत घालून टाकल्यासारखे करू नका. त्याची गरज नाही, आणि त्याने मनाला बोचते. त्या आठवड्यात कोणाशी अबोला असेल तर तो आधी मिटवा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४), आणि त्याला पैसा लागत नाही.

आता मंडळीच्या पंचांना आणि खजिनदारांना चार शब्द, कारण ताईंची मान खाली जाते त्यात त्यांचाही हात आहे. यूपीआय सुरू केले ते चांगलेच, पण रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स चर्चच्या दाराशी ठेवू नका. 'पाच रुपये प्राप्त झाले' हे सगळ्यांसमोर ऐकायला कोण येईल? यूपीआयमध्ये नाव आणि रक्कम खात्यावर दिसते, म्हणून ते विवरण फक्त खजिनदार आणि हिशेब तपासणाऱ्याने पाहावे. झोळी बंद करू नका. ती एकच जागा आहे जिथे पाचाचे नाणे आणि पाचशेची नोट एकाच कापडात पडतात. दात्यांची यादी रकमेसह भिंतीवर लावत असाल तर काढा. त्याऐवजी एकूण जमा आणि एकूण खर्च लावा.

मोजणी उपासना संपताच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी करावी. मूल्यवार तक्ता लिहावा, दोघांनी सही करावी आणि सोमवारी पैसे बँकेत जावेत. चिल्लर कटकट मानून महिनोन् महिने कपाटात ठेवू नका, तीच गरिबाची अर्पणे आहेत. नाणी शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून नेली की बँकेला घ्यायला सोपे जाते, रिझर्व्ह बँकेची सूचनाही तशीच आहे. दहाच्या नाण्याचे वेगवेगळे नमुने सगळे चलनात आहेत, दुकानदार नको म्हणाला तरी झोळीने म्हणू नये. पाच भाकरी आणि दोन मासे यांतून पाच हजार जेवल्यावरही येशूने तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६:१२). पौलानेही यरुशलेमची मदत एकट्याने नेली नाही. सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, की कोणी दोष ठेवू नये (२ करिंथ ८:२०). महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चला १९५० च्या न्यास कायद्याप्रमाणे हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतातच. तो तपासलेला हिशेब वार्षिक सभेत सोप्या मराठीत वाचून दाखवा. वीस रुपये देणारीला त्या वीस रुपयांचे काय झाले हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे.

आणि वर्गणी थकली म्हणून बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन अडवणे, हे कोणत्याही परिस्थितीत नको. कॅथलिक धर्मसंहितेच्या ८४८ व्या कलमात तर स्पष्ट आहे, की गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये याची काळजी घ्यावी. इतर मंडळ्यांनी घटनेत असे कलम नसेल तर ठराव करून घालावे.

शेवटची गोष्ट पुन्हा ताईंसाठी. देणाऱ्याला घेताही आले पाहिजे. पौल ज्याला समानता म्हणतो, ती अशीच आहे: आज तुमची विपुलता त्यांच्या गरजेला, उद्या त्यांची तुमच्या गरजेला (२ करिंथ ८:१४). जून महिन्यात फी, छत्र्या, ताडपत्री सगळे एकदम येते. तेव्हा मंडळीच्या साहाय्य निधीतून किंवा कॅथलिक असाल तर पॅरिशच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडून मदत मागा. मे महिन्यातच मागा, म्हणजे कमिटीच्या बैठकीत विषय येतो. शाळेची फीची पावती किंवा मागणीपत्र, रेशनकार्डाची प्रत आणि एका कागदावर महिन्याचा जमाखर्च, एवढे न्या. शक्य असेल तर पैसे थेट शाळेत भरायला सांगा. त्या महिन्यातही झोळीत दहा रुपये टाकायचे का, असे विचाराल तर मनात असेल तर टाका. घेतलेल्या मदतीची परतफेड म्हणून मात्र टाकू नका.